उंबऱ्यावरची चटई

आमच्या बिऱ्हाडातल्या कपाचा कानसुद्धा तुटला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मिरवण्याजोगं एवढंच आहे.

सामान कसं हलवावं ते मी वाचून काढलं होतं. ताटं आडवी रचायची नाहीत, उभी लावायची. जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या मोठ्यात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून ठेवायचा आणि उभाच न्यायचा. खोक्यावर खोलीचं नाव जाड पेनाने लिहायचं, ते वर नाही, बाजूला, म्हणजे एकावर एक रचली तरी दिसतं. माझा नवरा सेमिसी विमानतळावर लोकांच्या बॅगा चढवतो-उतरवतो. तो हसायचा. "लेसी, आम्ही दिवसाला दोन हजार बॅगा फेकतो. एवढे लाड कुणी करत नाही."

"म्हणूनच लोकांच्या बॅगा फुटतात," मी म्हटलं.

मांगेरे भागातल्या त्या जुन्या घराच्या भिंतींना थंडीत घाम यायचा. कपाटामागे काळी बुरशी. पुसली की आठ दिवसांत पुन्हा हजर. आमची एलेनोआ आठ वर्षांची. जून लागला, म्हणजे इथली थंडी सुरू झाली, की तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध मी देते, पण खरं औषध म्हणजे कोरडं घर. सांगायला त्यांचं काय जातं!

अकरा घरं पाहिली, अकरा ठिकाणी नकार. तिसऱ्या की चौथ्या घराला आत्या, दोन चुलतभाऊ, त्यांच्या बायका नि पोरं अशी सगळी वरात बरोबर होती. आम्ही टोंगन, बेटांवरून या देशात आलेली माणसं; आमच्यात घर बघायला एकटं कोण जातं? दारातल्या पालांगी, म्हणजे गोऱ्या, एजंटाने आम्हाला मोजलं. खरंच मोजलं, बोट न हलवता, नुसत्या डोळ्यांनी. तेव्हापासून मी एकटी जायला लागले. दाताच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते, तिथलाच कोट घालायचा, केस घट्ट बांधायचे आणि गोऱ्यांसारखं इंग्रजी चावून चावून बोलायचं.

बारावं घर मिळालं. पापाटोएटोए भागात, विटांचं, कोरडं ठणठणीत, उन्हाच्या अंगाला मुलीची खोली, आणि घरभर नवंकोरं फिकट कार्पेट. घर दाखवायला मालकाच्या वतीने ब्रिजेट नावाची एजंटबाई होती. पस्तिशीची, हसरी. वाईट बाई नव्हती, हे मला सारखं सांगावंसं वाटतं. कागदांवर सही करताना ती म्हणाली, "तुम्ही तिघंच ना राहणार? आधीच्या लोकांकडे दर रविवारी जत्रा. हिरवळीवर गाड्या लावायचे. मालकांना ते चालत नाही."

"छे हो," मी म्हटलं. "आमचं इथं फारसं कुणी नाही."

फारसं कुणी नाही! माझ्या रक्ताची माणसं एका जागी जमवायची तर दोन बस भरतील आणि काहींना लोंबकळत जावं लागेल. पण ते वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की जणू मी घरून पाठ करून आले होते.

आता आत्यांचं सांगते. आमच्यात बापाची बहीण बापाच्याही वर. ती आली की मोठी माणसंही सावरून बसतात, तिच्या पानात आधी वाढतात, तिच्या डोक्याच्या वर डोकं ठेवून कुणी बोलत नाही. माझ्या आत्यांचं नाव फिफिता. मान केवढा, आणि बाई केवढीशी! चाळीस वर्षं त्यांनी शहरातल्या ऑफिसांच्या फरश्या पुसल्या. बाप गेल्यावर माझं शिक्षण त्याच पुसण्यावर झालं. गुडघे गेले तेव्हा कुठे काम सोडलं.

घर मिळाल्याचं कळल्यावर आत्या पलंगाची गादी उचलून तिच्याखालून एक चटई काढून माझ्यासमोर बसल्या. आमच्याकडे अशा गोष्टी गादीखालीच ठेवतात, सपाट राहतात. ती जमिनीवर टाकायची चटई नव्हे, कमरेला नेसायची; तिला ताओवाला म्हणतात. माझ्या आजीची. वावाऊ बेटावरून आलेली, जुन्या चहाच्या रंगाची, कडा झिजून झालर झालेली. परक्या माणसाला ती फडकं वाटेल. आमच्यात उलटं असतं, जितकी फाटकी तितका तिचा मान, कारण प्रत्येक फाटक्या जागेला मालक असतो. आत्यांनी लहानपणी मला कितीदा तरी बोट ठेवून शिकवलं होतं. हे वादळाचं, छप्पर पडलं तेव्हाचं. हे चुलीचं, ठिणगी उडाली होती. हा कोपरा नाहीसा आहे ना, तो धाकट्याचा, म्हणजे मोसेसेकाकाचा. तो परदेशी कामाला निघाला तेव्हा आजीने कापून त्याच्या हातात दिला होता.

"नव्या घरात ही पोरीच्या गादीखाली घाल," आत्या म्हणाल्या. "गाडीत टाकून न्यायची नाही. कुणीतरी हातावर धरून न्यायची, सगळ्यांच्या आधी. मग सामान."

"हो आत्या."

"मोसेसे भाजीबाजारातला ट्रक आणतोय. पोरं आहेतच. कधी आहे सांग."

येत्या शनिवारीच होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे भाजीचा ट्रक, त्यावर गाणी म्हणणारे माझे चुलतभाऊ, हिरवळीवर सहा गाड्या, आणि दारात कागद घेऊन उभी असलेली ब्रिजेट आली. "पुढच्या शनिवारी," मी म्हटलं.

आत्यांशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. सेमिसीला सांगितलं तेव्हा त्याने बूट काढता काढता माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या शनिवारी ते सगळे येतील तेव्हा काय सांगशील?"

"तेव्हाचं तेव्हा. एकदा आत तर जाऊ."

"तुझी आत्या, तुझं तोंड," तो म्हणाला. त्याची त्या शनिवारी सकाळची पाळी होती, एलेनोआला तो नेटबॉलच्या मैदानावर सोडून गेला. बरंच झालं. मला साक्षीदार नको होते.

सामान हलवणाऱ्या कंपनीची दोन माणसं आली. एक कीथ, पांढऱ्या मिशांचा गोरा, मुकाट काम करणारा. दुसरा लाफाएले, सामोआचा, दाराएवढा रुंद. सामोआची माणसं म्हणजे आमची शेजारीच, त्यांच्याकडेही चटयांचा तोच मान. मी आजीची चटई चादरीत गुंडाळून ठेवली होती. हातावर धरून न्यायची, हे लक्षात होतं. पण माझ्या लहान गाडीत भांडी भरली, तेव्हा म्हटलं ट्रकमध्ये वरच्या वर ठेवू, ब्रिजेट किल्ली देऊन गेली की मग हातावर धरून आत नेऊ. देव काय घड्याळ लावून बसलाय?

रात्रभर पाऊस झाला होता. नव्या घराच्या फाटकापासून दारापर्यंत सगळा रस्ता चिखलाने लडबडलेला. ब्रिजेट आधीच येऊन थांबली होती. हातात घराच्या स्थितीचा कागद: कुठल्या भिंतीला खिळा आहे, कुठे ओरखडा आहे, सगळं त्यात. माझ्या खोक्यांवरची नावं बघून ती म्हणाली, "वा! सगळे भाडेकरू तुमच्यासारखे असते तर!" आणि मी सुखावले. हे लिहितानाही कानशिलं तापतात, पण सुखावले.

मग तिने कीथच्या बुटांकडे पाहिलं. "अरे देवा, कार्पेट! दारात अंथरायला प्लास्टिक आणायचं मी विसरलेच. तुमच्याकडे काही जुनं आहे का?" तिची नजर ट्रकमध्ये फिरली. चादर सरकून चटईची झिजलेली कड बाहेर आली होती. "ते चालेल की! ते चटईचं काहीतरी. टाकायचंच असेल ना तसंही?"

मला बोलायला वेळ होता. तेवढं एक मी स्वतःला खोटं सांगत नाही. एक वाक्य पुरलं असतं, "नाही, ती माझ्या आजीची आहे." ती बिचारी चारदा सॉरी म्हणाली असती. पण मग तिने विचारलं असतं, आजीची चटई म्हणजे काय, आणि मग आत्या, आणि मग दोन बस भरून माणसं. मी चांगली भाडेकरू होते, माझं फारसं कुणी नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "जुनंच आहे ते."

लाफाएलेने चटई दोन्ही तळहातांवर घेऊन खाली आणली. माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "ताई, ही अंथरायची?"

"अंथरा."

"ताई, ही कुणाची तरी आहे."

"माझीच आहे. अंथरा म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चटई माझ्या हातात ठेवली आणि पाठ फिरवून ट्रककडे गेला. तेव्हा अंथरली ती मीच. उंबऱ्यावर, वादळाची बाजू बाहेर, चुलीची आत.

कीथ ट्रॉलीवर कपडे धुण्याचं यंत्र घेऊन त्यावरून गेला. मग पेट्या, मग कपाट. चिखलाचे बूट, चिखलाची चाकं. लाफाएले मात्र सोफा खांद्यावर घेऊन घराला वळसा घालून मागच्या दाराला गेला, तिथे बूट काढले आणि मोज्यांवर आत शिरला. प्रत्येक खेपेला. कीथने एकदा विचारलं, "लांबून का हिंडतोस रे बाबा?" तो म्हणाला, "पाय मोकळे करतो." ब्रिजेट हसली. मी एका खोक्यावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. स्वयंपाकघर, कप.

लोक म्हणतात जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी. माझ्याकडे जनाची ढीगभर होती, मनाची शोधून सापडली नसती.

साडेदहाच्या सुमाराला फाटक वाजलं. वर पाहिलं तर आत्या. अंगावर जुना कामाचा झगा, डोक्याला रुमाल, एका हातात बादली, दुसऱ्यात झाडू. त्या दोन बस बदलून आल्या होत्या. भाचीच्या बिऱ्हाडाला आठवडा आहे, तोवर रिकाम्या घराची पायरी घासून ठेवू, असं त्यांच्या मनात आलं होतं. मला न सांगता, गंमत म्हणून.

त्यांनी ट्रक पाहिला. मला पाहिलं. मग दारात पाहिलं. नेमका कीथ फ्रिज घेऊन उंबऱ्यावर होता. चाक अडकलं, त्याने जोर लावला आणि चर्रकन आवाज झाला. वीतभर फाटलं असेल.

आत्यांनी बादली खाली ठेवली. झाडू या हातातून त्या हातात घेतला.

"अरे, तुम्ही सफाईला बाई पण बोलावलीत!" ब्रिजेट म्हणाली. तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "पहिल्याच दिवशी!"

मी कोटाचं बटण लावलं. आत्या माझ्याकडे बघत होत्या, लहानपणी मी पडले की बघायच्या तशा, कुठे लागलंय ते शोधत. कागद, ब्रिजेट, माझा कोट, घट्ट बांधलेले केस. त्यांना सगळं कळलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची ऑफिसं पुसणाऱ्या बाईला कोण कुणासमोर का घाबरलंय हे कळायला कितीसा वेळ लागणार?

"हो मॅडम," आत्या म्हणाल्या. "सफाईवाली."

"या ना, आत या. फक्त पाय तेवढे पुसा हं, कार्पेट नवीन आहे."

आत्या उंबऱ्याशी आल्या. एक क्षण थांबल्या. मग आपल्या आईच्या चटईवर त्यांनी पाय ठेवला. आधी उजवा, मग डावा, दोन्ही नीट पुसले, आणि आत गेल्या.

मेले असते तर सुटले असते, असं म्हणतात लोक. मला तेवढंही सुचलं नाही.

तासभर आत्यांनी स्वयंपाकघर घासलं. ओट्याखाली, नळामागे, जिथे कुणी बघत नाही तिथेही. गेलेल्या गुडघ्यांवर बसून. मी आत जाऊन पुटपुटले, "आत्या, उठा ना." त्या आपल्या भाषेत हळूच म्हणाल्या, "बाई गेली का?"

"नाही."

"मग गप्प बस. घर जाईल."

ब्रिजेट जाताना किल्ल्या देऊन म्हणाली, "कागद भरून ठेवा, पुढच्या शनिवारी न्यायला येते. आणि बाई फार छान काम करतात. नंबर देऊन ठेवा मला."

ती गेल्यावर मी बाहेर धावले. उंबरा रिकामा होता. लाफाएलेने चटई उचलून, झटकून, चिखल ओल्या फडक्याने टिपून, गुंडाळून मुलीच्या खोलीत गादीवर ठेवली होती. आत्या बादली घेऊन निघाल्या तेव्हा तो पुढे झाला. "मावशी, चला, ट्रकमधून सोडतो." त्याने त्यांना हात धरून वर चढवलं. संध्याकाळी मी खोकी उघडली. सगळे कप शाबूत.

रविवारी चर्चमध्ये आत्या नेहमीच्या बाकावर होत्या. नेहमीसारखं हसल्या, एलेनोआच्या गालाला हात लावला, "छाती कशी आहे गं?" विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. मला वाटलं होतं सगळे माझ्याकडे वळून बघतील. कुणीच बघेना, आणि ते जास्त सोसवेना.

सोमवारी मी सुट्टी घेतली. आमच्यात मोठा अपराध झाला की माणूस फाटकी चटई नेसून ज्याचा अपराध केला त्याच्या दारात जाऊन खाली बसतो, मान घालून, तो बोलेपर्यंत. माझ्याकडे फाटकी चटई एकच होती. तीच नेसले. बसमध्ये एका पोराने आईला विचारलं, ही बाई टोपली का गुंडाळून बसलीय. ओताहुहूला आत्यांच्या पायरीवर जाऊन बसले.

आत्या आत तारो, म्हणजे अळूसारखे कंद, सोलत होत्या. सुरीचा आवाज ऐकू येत होता. एक सोललं, दुसरं सोललं. पायरीचा गारठा हाडात शिरला.

"कोण मेलंय?" आतून आवाज आला. फाटकी चटई आमच्यात सुतकातही नेसतात.

"आत्या, मी चुकले."

"कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही. आत ये, सर्दी होईल. पोरीला दमा पुरे झाला, तुझा कुठे निस्तरू?"

"आत्या, चटईवर..."

"चटईवर काय? चटईवर मीसुद्धा पाय पुसले." सुरी थांबली. "तुझ्या दारात बसून रडायचं असेल तर तुझ्या दारात बस. माझ्याकडे कामं पडलीत. शनिवारी सगळे येतायत, त्यांना मी थेट नव्या घरी यायला सांगितलंय. तारोच्या पानांत बांधलेले लू साठ करायचे की ऐंशी, तेवढं सांग."

"ते सगळे सामान हलवायला येतायत. त्यांना काय सांगू?"

"मी बघते," आत्या म्हणाल्या. "चटई नेसलीस तशीच परत ने. शनिवारी हीच नेस. घर तुझं आहे."

त्या रागावल्या असत्या, झाडूने बडवलं असतं, तर मी ताठ मानेने घरी आले असते. पण त्यांनी माझी माफीच मला परत दिली, न उघडता.

शनिवारी सगळे आले. मोसेसेकाका भाजीचा ट्रक घेऊन, चुलतभाऊ, बायका, पोरं, केळीच्या पानांनी झाकलेली पातेली. हिरवळीवर गाड्या, एक, दोन, मग मी मोजायचं सोडलं. काका हातमोजे घालूनच उतरले आणि दारातून आत बघून म्हणाले, "सामान कुठंय?"

"झालं हलवून," आत्या म्हणाल्या. त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या, रविवारच्या काळ्या पोशाखात. "पोरीला मधे सुट्टी मिळाली, उरकलं. तुमची वाट बघत राहिली असती तर पुढची थंडी आली असती. बसा, जेवा."

"आणि माझे हातमोजे?"

"ते घालूनच जेव."

सगळे हसले. सेमिसी हसला नाही, माझ्याकडे बघून स्वयंपाकघरात गेला. आत्यांच्या पानात आधी वाढलं, मग बाकीच्यांना. खोबऱ्याच्या दुधाचा आणि तारोच्या पानांचा वास घरभर भरला. एलेनोआ पोरांबरोबर धावत होती, आणि छातीत शिट्टी नव्हती. मी चटई नेसून सगळ्यांना वाढत होते. फाटलेली वीत हाताने झाकत होते. वाटलं, निभावलं. आत्यांनी निभावून नेलं.

अकराला दारात ब्रिजेट उभी. कागद न्यायला. ते मी पार विसरले होते.

तिने गाड्या पाहिल्या, माणसं पाहिली. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. मग तिला गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. "अरे," ती म्हणाली, "तुमच्या सफाईच्या बाई पण जेवायला आल्यात! किती छान!"

चाळीस माणसांचे घास तोंडाशी तसेच राहिले. मोसेसेकाकांनी ताट खाली ठेवलं. त्यांच्या बहिणीला, ज्या बहिणीसमोर ते सत्तराव्या वर्षी मोठ्याने हसत नाहीत, तिला सफाईची बाई म्हटलं होतं.

आत्यांनी तोंड पुसलं. मला माहीत होतं त्या काय करणार. त्या हसून म्हणणार, अरे चाळीस वर्षं फरश्या पुसल्या, बाई चुकली कुठे? सगळे हसणार, ब्रिजेट हसणार, घर राहणार. त्यांनी श्वास घेतलासुद्धा.

"त्या माझ्या आत्या आहेत," मी म्हटलं.

इंग्रजीत म्हटलं, मग वळून सगळ्यांना आपल्या भाषेत म्हटलं. "त्या दिवशीही आत्याच होत्या. मी गप्प बसले. आमचं इथं फारसं कुणी नाही असं मी हिला सांगितलं होतं, तेही खोटं. सामान मागच्या शनिवारी आलं. तुम्ही दिसू नये म्हणून मी खोटी तारीख दिली." थांबले असते तर परत सुरू झाले नसते. "आणि ही चटई मी या उंबऱ्यावर अंथरली. मला कळत होतं. ट्रॉली गेली हिच्यावरून. आणि माझी लाज राखायला आत्यांनी हिच्यावर पाय पुसले."

एका वहिनीने तोंडावर हात ठेवला. ब्रिजेटला अर्धंच कळलं, पण तिने माझ्या कमरेकडे पाहिलं, आणि तिच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढत गेली. ती उंबऱ्याबाहेर उभी होती आणि पाय कुठे ठेवावा हे तिला समजत नव्हतं. "सॉरी," ती कुजबुजली. "मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

मला वाटलं आत्या आता तरी काही बोलतील. त्या ताटाकडे बघत होत्या. सगळं त्यांनी एकटीने गिळून ठेवलं होतं, आणि ते मी चाळीस माणसांसमोर काढलं होतं. मी स्वतःला हलकं करून घेतलं की त्यांना पुन्हा एकदा सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसवलं, हे मला आजही कळत नाही.

"तिला आत बोलाव," शेवटी त्या म्हणाल्या. "दारात माणूस उभं ठेवतात का? ताट दे. आणि सांग, पाय पुसायचे नाहीत."

ब्रिजेट आली. काठावर बसून जेवली. घराचं काय ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मोसेसेकाका उठले. त्यांनी हातमोजे काढून खिशात घातले, माझ्यासमोर आले आणि वयस्कर माणसाच्या सावकाशीने गुडघ्यावर टेकले. फाटलेली जागा झाकणारा माझा हात त्यांनी बाजूला केला. मग त्यांचं जाड बोट चटईवरून फिरायला लागलं, लहानपणी आत्यांचं फिरायचं तसंच. "हे वादळाचं," ते म्हणाले. "हे चुलीचं. हा कोपरा माझा." बोट नव्या फाटक्या जागेशी येऊन थांबलं. तिथे अजून चिखलाची रेघ होती. एलेनोआ धावत येऊन त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"आणि हे गं कुणाचं?" काकांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं.